भूल देणारे औषध बदलले की मेंदूच्या लहरीही बदलतात का?

प्रश्न
विज्ञानशिक्षक, दारव्हा तालुका, यवतमाळ

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. गेल्या हंगामात आमच्या घरातील दोन व्यक्तींना पूर्ण भूल देण्याची वेळ आली. दोन्ही वेळा सर्व काही सुखरूप पार पडले. परंतु दोघांचे अनुभव इतके वेगळे निघाले की त्यामागचे शास्त्र समजून घ्यावेसे वाटते.

माझ्या आईची (वय ६८) पित्ताशयातील खड्यांसाठी वर्धा जिल्ह्यातील एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या कपाळावर एक चिकटपट्टी लावली होती आणि विचारल्यावर "मेंदूच्या लहरी पाहण्यासाठी आहे" असे सांगितले होते. शिरेतून पांढरे दुधाळ औषध दिल्यानंतरचे तिला काहीच आठवत नाही. मध्ये काही वेळ गेला, याचीही तिला जाणीव नव्हती.

माझ्या साळ्याचा हात सोयाबीन काढताना मळणीयंत्रात सापडला. तालुक्याच्या ठिकाणी केटामाइन देऊन जखम साफ केली आणि टाके घातले. बाहेर आणले तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, नजर एका जागी थांबलेली होती, श्वास त्याचा तो घेत होता, पण हाक मारली तरी ओ देत नव्हता. पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितले की छत दूर दूर गेले आणि आपण वरून आपल्याच शरीराकडे पाहत आहोत असे वाटले. दुखल्याचे मात्र त्याला मुळीच आठवत नाही.

दोघेही भुलीखाली होते, मग दोघांच्या मेंदूत एकच गोष्ट घडली की वेगवेगळी? भूल म्हणजे गाढ झोप असे आपल्याकडे सगळेच म्हणतात, ते लहरींच्या दृष्टीने कितपत खरे आहे? आणि कपाळावरच्या पट्टीला जोडलेल्या यंत्रावर जो ० ते १०० मधला आकडा दिसतो, तो कोणतेही औषध दिले तरी सारख्याच विश्वासाने वाचता येतो का? आठवीच्या मुलांना मज्जासंस्था शिकवताना हे नेमकेपणाने सांगता यावे, अशी इच्छा आहे.

---

उत्तर १
निवृत्त भूलतज्ज्ञ, वर्धा

सर, दोघांच्या मेंदूत निश्चितच वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या, आणि त्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या, आलेखावर स्पष्ट दिसल्या असत्या. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडलेला प्रत्येक रुग्ण बाहेरून सारखाच निश्चल दिसतो. म्हणून आतली अवस्थाही एकच असावी असा समज होतो, आणि तो आमच्या क्षेत्रातही बराच काळ टिकून होता. प्रत्यक्षात प्रत्येक औषध मेंदूतील वेगळ्या कळा दाबते आणि त्यामुळे लहरींचा वेगळा ठसा उमटतो.

प्रथम लहरींविषयी थोडे. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. लहरी एका सेकंदात किती वेळा वरखाली होतात, त्यावरून त्यांचे गट पाडतात: ४ हर्ट्झपर्यंतच्या संथ लहरी डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १२ अल्फा, १३ ते ३० बीटा आणि त्यापुढच्या गॅमा. भुलीची खोली या लहरींवरून मोजता येईल, हे गिब्ज पतिपत्नी आणि लेनॉक्स यांनी १९३७ मध्येच सुचवले होते. ते रोजच्या वापरात यायला मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ जावा लागला.

लहरीची उंची वाढणे म्हणजे मेंदू अधिक काम करतो आहे, असा अर्थ बहुतेकांना सुचतो आणि तो चुकीचा आहे. आठवडी बाजारात हजार माणसे आपापले बोलत असतात, तेव्हा लांबून केवळ गलबला ऐकू येतो. तीच माणसे संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला बसली की एकच मोठा स्वर उमटतो, पण त्या वेळी कोणीही कोणाला नवी गोष्ट सांगत नसतो. जागा मेंदू बाजारासारखा असतो, म्हणून त्याच्या लहरी लहान आणि अनियमित दिसतात. भूल चढली की लाखो पेशी एका तालात येतात, लहरी मोठ्या आणि नियमित होतात, आणि एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे जाणारी माहिती मात्र आटते.

आपल्या आईंना दिलेले पांढरे औषध म्हणजे प्रोपोफॉल. मेंदूत गॅबा नावाचे एक रसायन पेशींना शांत करण्याचे काम करते, आणि प्रोपोफॉल त्याचा परिणाम वाढवते व लांबवते. मात्रा अगदी थोडी असते तेव्हा आधी बीटा लहरी वाढतात, त्यामुळे काही रुग्ण भूल चढताना क्षणभर बडबड करतात किंवा हातपाय हलवतात. मात्रा वाढली की एकाच वेळी दोन गोष्टी दिसू लागतात: एक म्हणजे १ हर्ट्झच्या आसपासच्या मोठ्या संथ लहरी आणि दुसरी म्हणजे कपाळाच्या बाजूला उमटणाऱ्या जोरकस अल्फा लहरी. जागेपणी डोळे मिटले की अल्फा लहरी डोक्याच्या मागच्या भागात दिसतात. प्रोपोफॉलने शुद्ध हरपताना त्या मागून नाहीशा होतात आणि पुढे प्रकट होतात. मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, या दोघांमधले येण्याजाण्याचे मार्ग सुमारे १० हर्ट्झच्या एकाच फेऱ्यात अडकून पडतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. संथ लहरींचा परिणाम याहूनही मूलगामी आहे. त्या लहरीच्या एका ठरावीक टप्प्यातच पेशींना संदेश पाठवता येतो, आणि मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत तो टप्पा वेगवेगळ्या क्षणी येतो, त्यामुळे एक भाग बोलायला तयार असतो तेव्हा दुसरा गप्प असतो. माझ्या मते, आपल्या आईंना मधल्या वेळाची जाणीवही का राहिली नाही, याचे सर्वांत समाधानकारक उत्तर यात आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत प्रोपोफॉलने सुरुवात केल्यावर पुढे बहुधा नळीतून सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन यांसारखे वायुरूप औषध चालू ठेवतात. त्यांचा ठसा प्रोपोफॉलच्या बराच जवळचा असतो, कारण तीही मुख्यतः गॅबाचे काम वाढवतात. फरक असा की मात्रा वाढवत नेली की संथ लहरी आणि अल्फा यांच्यामधली थीटाची मोकळी जागाही भरून येते. जुन्या काळातले थायोपेंटोन याच घराण्यातले. यांपैकी कोणतेही औषध गरजेपेक्षा जास्त झाले की आलेखावर काही सेकंद जवळजवळ सपाट रेषा, मग अचानक लहरींचा झोत, पुन्हा सपाट रेषा असा क्रम सुरू होतो. ही अवस्था साध्या झोपेत कधीच येत नाही.

केटामाइनचा मार्ग अगदी निराळा आहे. ते १९६२ मध्ये तयार झाले, १९६४ मध्ये माणसांवर पहिल्यांदा वापरले गेले आणि १९७० मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते गॅबाला हात लावत नाही. ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचे एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे ते रसायन जिथे चिकटून काम करते त्या पेशींवरच्या जागा, ते अडवते. यातली खुबी अशी की भुलीच्या मात्रेत ते सर्वांत आधी इतरांना आवर घालणाऱ्या पेशींनाच गप्प करते; त्यामुळे कॉर्टेक्समधल्या बाकीच्या पेशी मोकाट सुटतात आणि मेंदू शांत होण्याऐवजी एका विस्कळीत पद्धतीने अधिक सक्रिय होतो. आलेखावर साधारण २५ ते ४० हर्ट्झच्या गॅमा लहरींचे झोत दिसतात, त्यांच्या आलटून-पालटून संथ लहरी येतात, आणि प्रोपोफॉलची खूण असलेली पुढची अल्फा दिसत नाही. आपल्या साळ्याचे उघडे डोळे, छत दूर जाणे, स्वतःला वरून पाहणे हे सर्व या सक्रिय पण तुटलेल्या अवस्थेशी जुळते. डोळे, कान आणि त्वचा यांच्याकडून संदेश येत राहतात, पण त्यांची एकमेकांशी आणि स्वतःच्या शरीराच्या जाणिवेशी सांगड बसत नाही. वेदनेचे संदेश मात्र ते मज्जारज्जूपासूनच अडवते, म्हणून वेदनाशमन उत्तम होते.

नायट्रस ऑक्साइडही एनएमडीए अडवणाऱ्यांपैकीच. ते सुरू असताना बीटा आणि गॅमा लहरी वाढतात. एकट्याने पूर्ण भूल देण्याइतके ते समर्थ नाही, म्हणून ते जोडीदार म्हणून वापरले जाते.

आपला झोपेचा प्रश्न येथे येतो, कारण झोपेच्या खरोखर जवळ जाणारे औषध एकच, ते म्हणजे डेक्समेडिटोमिडीन. मेंदूच्या देठात जागेपणा राखणारे एक लहान केंद्र आहे. हे औषध तिथला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा स्राव कमी करते. त्यामुळे साधारण ९ ते १५ हर्ट्झच्या, चातीच्या आकाराच्या लहान लहान लहरमाला उमटतात, आणि आपल्या हलक्या ते मध्यम झोपेतही तशाच उमटतात. हे औषध चालू असताना रुग्णाला हाक मारून उठवता येते. प्रोपोफॉल किंवा सेव्होफ्लुरेनच्या पूर्ण भुलीतून असे उठवता येत नाही. बॉस्टनमधील एमरी ब्राऊन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सविस्तर मांडले की पूर्ण भूल ही झोपेपेक्षा औषधाने आणलेल्या आणि परत फिरवता येणाऱ्या कोमाच्या अधिक जवळची अवस्था आहे. झोपेत सुमारे दीड तासाचे फेरे असतात, स्वप्नांचे टप्पे येतात आणि जातात. भुलीत औषधाची मात्रा स्थिर असली की मेंदू एकाच अवस्थेत अडकलेला राहतो. मुलांना "भूल म्हणजे झोप" असे सांगण्याऐवजी "भूल म्हणजे डॉक्टरांनी सतत शेजारी बसून राखलेली बेशुद्धी" असे सांगितले, तर ते शास्त्राला धरून होईल.

आकड्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण यावर कोणी अभियंता अधिक चांगले लिहू शकेल. बीआयएस या सर्वांत प्रचलित यंत्राला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पूर्ण जागा मेंदू १०० च्या जवळ, सपाट रेषा म्हणजे ०, आणि शस्त्रक्रियेसाठी ४० ते ६० हा पट्टा योग्य मानतात. हे गणित मुख्यतः गॅबा मार्गाच्या औषधांवर बेतलेले आहे. आधीच भुलीखाली असलेल्या रुग्णाला केटामाइन दिले तर भूल अधिक खोल होते, पण आकडा वर जाऊ शकतो. केवळ आकडा पाहणारा माणूस अशा वेळी विनाकारण आणखी औषध देईल. म्हणून औषध कोणते दिले आहे हे लक्षात ठेवून मूळ लहरी वाचता आल्या पाहिजेत, आणि नव्या डॉक्टरांना हे शिकवण्याची फार गरज आहे असे मला मनापासून वाटते.

---

उत्तर २
परिचारिका, शस्त्रक्रियागृह, गडचिरोली जिल्हा

डॉक्टरसाहेबांनी शास्त्र सांगितलेच आहे; मी ग्रामीण शस्त्रक्रियागृहातील बाजू मांडते. कपाळावरची पट्टी आमच्याकडे नाही आणि लहान रुग्णालयांत बहुतेक ठिकाणी नसते. पट्टी एकदाच वापरायची असते आणि ती महाग पडते. आम्ही नाडी, रक्तदाब, बोटावरच्या यंत्रातून प्राणवायूचे प्रमाण, हृदयाचा आलेख आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड यांवर लक्ष ठेवतो, आणि त्याबरोबर घाम, डोळ्यांतले पाणी, बाहुली आणि हातापायांची हालचाल पाहतो. केटामाइनमध्ये मात्र ही बाहेरची चिन्हेही फसवी असतात: डोळे उघडे राहतात, बुबुळे हलतात, नाडी आणि रक्तदाब औषधामुळेच वाढतात. हे चेहऱ्यावरून ओळखायला अनुभव लागतो.

तरीही ग्रामीण भागात केटामाइनला पर्याय नाही, हे ठामपणे सांगते. त्यात श्वास बहुधा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, शिरेतून किंवा स्नायूतून देता येते, आणि भुलीचे यंत्र नसले किंवा वीज गेली तरी काम थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला याच कारणांनी स्थान आहे. भास कमी व्हावेत म्हणून बरोबर मिडाझोलम देतात, लाळ वाढू नये म्हणून ग्लायकोपायरोलेट देतात, आणि उतरताना खोलीत अंधुक प्रकाश व शांतता ठेवतात. मिडाझोलमही लहरी बदलते, त्याने बीटा लहरी वाढतात. म्हणजे दोन औषधे एकत्र दिली की आलेखही मिश्र होतो.

सरांना आणि सर्व वाचकांना एक विनंती आहे. शस्त्रक्रियेपूर्वी दारूची सवय लपवू नका. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे घेणारा माणूस डॉक्टरांसमोर कबूल करायला घाबरतो आणि बायको सासऱ्यांसमोर बोलत नाही. दारू गॅबाच्याच मार्गावर काम करते. रोज घेणाऱ्याचा मेंदू तिला सरावलेला असतो, आणि नेहमीच्या मात्रेत त्याला पुरेशी भूल चढत नाही. मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर दारू अचानक सुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भास आणि झटकेही येऊ शकतात. ही माहिती पोलिसांकडे जात नाही, ती फक्त औषधाची मात्रा ठरवण्यासाठी विचारतात. नातेवाइकांसमोर सांगायचे नसेल तर सिस्टरला बाजूला बोलावून सांगा.

आणखी एक गोष्ट. गावाकडे कमरेत इंजेक्शन देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियाच जास्त असतात: सिझेरियन, हर्निया, हायड्रोसील. त्यात मेंदू जागाच असतो. रुग्ण घोरायला लागला तरी ती त्याची स्वतःची झोप असते, नाहीतर वेगळे दिलेल्या झोपेच्या औषधाचा परिणाम असतो. "मला भूल लागलीच नाही, सगळे ऐकू येत होते" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांना कमरेतूनच भूल दिलेली असते आणि त्यांना तसे कोणी आधी नीट समजावलेले नसते. केटामाइन देण्यापूर्वीही डोळे उघडे राहतील आणि चित्रविचित्र दिसेल हे रुग्णाला आणि घरच्यांना आधी सांगितले, तर निम्मी भीती तिथेच जाते.

---

उत्तर ३
विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक, अमरावती

आकड्याची बाजू मी मांडतो. कपाळाच्या कातडीवर पोहोचणारा मेंदूचा विद्युतदाब साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो, तर हृदयाचा आलेख सुमारे १ मिलिव्होल्टचा, म्हणजे कितीतरी पट मोठा. शस्त्रक्रियागृहात या नाजूक संकेतावर ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण, हृदयाचे ठोके, डोळ्यांची हालचाल आणि कपाळाच्या स्नायूंची वीज हे सर्व येऊन बसते. रक्तवाहिन्या जाळून बंद करणारी कॉटरी चालू झाली की काही सेकंद यंत्राला मेंदूचे काहीच दिसत नाही.

उरलेल्या संकेताचे यंत्र लहान लहान तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या वारंवारितेचा वाटा किती, हे फूरिए यांच्या गणिताने काढते. हे वाटे काळाच्या अक्षावर रंगांत मांडले की एक रंगीत पट तयार होतो. त्यात प्रोपोफॉल दोन स्पष्ट आडव्या पट्ट्यांसारखे दिसते, खाली संथ लहरींची आणि वर १० हर्ट्झजवळची. सेव्होफ्लुरेनमध्ये मधला भागही रंगतो. केटामाइनमध्ये वरच्या बाजूला गॅमाचे ठिपके उमटतात. सराव झालेली नजर हे फरक पाहताक्षणी ओळखते. बीआयएसचा आकडा याच माहितीतून, सपाट रेषेचे प्रमाण आणि वारंवारितांमधले काही संबंध जोडून काढला जातो. त्याचे पूर्ण सूत्र कंपनीने खुले केलेले नाही. शिवाय तो मागच्या काही सेकंदांची सरासरी असल्यामुळे घटनेच्या मागे चालतो.

स्नायूंचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कपाळाच्या स्नायूंची वीज साधारण ३० हर्ट्झपासून पुढे पसरलेली असते, म्हणजे ती नेमकी गॅमाच्या जागेवर येऊन बसते, आणि यंत्र तिला जागेपणाचे लक्षण समजू शकते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना भूल न देता केवळ स्नायू शिथिल करणारे औषध दिले गेले. ते पूर्ण जागे होते आणि तरीही बीआयएसचा आकडा ६० च्या खाली उतरला, म्हणजे शस्त्रक्रियेस योग्य मानलेल्या पट्ट्यात. यंत्र कपाळाच्या निश्चलतेलाच मेंदूची निश्चलता समजले. हा प्रयोग मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो, कारण मोजमाप करणाऱ्या प्रत्येकाने "मी नेमके काय मोजतो आहे" हे विचारले पाहिजे.

सरांना वर्गासाठी एक प्रात्यक्षिक सुचवतो. आवाजाचा वर्णपट दाखवणारी मोफत अ‍ॅप मोबाइलवर मिळतात. आधी सर्व मुलांना एकाच वेळी आपापले नाव बोलायला सांगावे, नंतर सर्वांना एकाच स्वरात "आ" लावायला सांगावे. पडद्यावर पहिल्या वेळी पसरलेला डाग आणि दुसऱ्या वेळी ठळक पट्ट्या दिसतील. ईईजीचा रंगीत पट वाचायला एवढी तयारी पुरेशी आहे.

---

विज्ञानशिक्षक, दारव्हा तालुका, यवतमाळ

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. प्रात्यक्षिक या आठवड्यातच घेतो.

डॉक्टरसाहेब, आणखी एक शंका आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री आई गोंधळलेली होती. मला तिने माझ्या मामाच्या नावाने हाक मारली, आणि आपण माहेरी आर्णीला आहोत असे ती म्हणत राहिली. पुढे ते पूर्ण ओसरले. भूल जास्त खोल झाल्याने, म्हणजे आपण सांगितलेल्या सपाट रेषेमुळे, असे होते का? तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे, म्हणून विचारतो. आणि भूल कमी पडून मध्येच जाग येण्याचा धोका कितपत असतो?

---

निवृत्त भूलतज्ज्ञ, वर्धा

सर, वयाबरोबर मेंदूच्या लहरीही बदलतात, हे आधी लिहायला हवे होते इतके ते महत्त्वाचे आहे. भुलीखालची पुढची अल्फा तरुणात जोरकस असते आणि वय वाढेल तशी क्षीण होत जाते. अगदी लहान बाळांत, साधारण चार महिन्यांच्या आत, ती दिसतच नाही. औषधाची गरजही घटते: वायुरूप औषधांची मात्रा चाळिशीनंतर दर दहा वर्षांना सुमारे ६ टक्क्यांनी कमी लागते. म्हणून तिशीतल्या माणसाला जेमतेम पुरणाऱ्या मात्रेत सत्तरीजवळच्या व्यक्तीची रेषा सपाट होऊ लागते.

ज्यांच्या आलेखात सपाट रेषेचा काळ जास्त दिसतो, त्यांना नंतर गोंधळ होण्याचे प्रमाण जास्त आढळते. परंतु रेषा सपाट झाली म्हणून गोंधळ झाला, की मुळात नाजूक असलेल्या मेंदूत दोन्ही गोष्टी सहज घडतात, हा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेत साठ वर्षांवरील १,२३२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लहरी पाहून भूल कमी ठेवलेल्या गटात २६ टक्के, तर नेहमीच्या गटात २३ टक्के रुग्ण गोंधळले. म्हणजे फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बीआयएस ५० च्या आसपास ठेवलेल्या गटात १९ टक्के आणि ३५ च्या आसपास ठेवलेल्या गटात २८ टक्के असे प्रमाण आले, म्हणजे हलक्या भुलीच्या बाजूने कौल मिळाला. माझे स्वतःचे मत असे की वृद्धांत रेषा सपाट होऊ देण्याचे काहीच कारण नसते, म्हणून ती टाळावी. पण गोंधळाचे सर्व खापर भुलीवर फोडू नये. वेदना, जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी व क्षार कमी होणे, रात्रीची मोडलेली झोप, अनोळखी वॉर्ड, काढून ठेवलेला चष्मा ही कारणे तितकीच मोठी आहेत. शस्त्रक्रियेत रक्तदाब किंवा प्राणवायू बराच घसरला तरी लहरी मंदावतात. अशा वेळी भूल खोल झाली असे समजून केवळ औषध कमी करणे पुरेसे नसते, मूळ कारण शोधावे लागते.

जाग येण्याविषयी: ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीचा अहवाल २०१४ मध्ये आला. रुग्णांनी स्वतःहून सांगितलेल्या घटना मोजल्या तेव्हा प्रमाण सुमारे १९,००० मध्ये एक इतके निघाले. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेल्यांत ते ८,००० मध्ये एक, आणि न दिलेल्यांत १,३६,००० मध्ये एक होते. पूर्ण भुलीखाली केलेल्या सिझेरियनमध्ये मात्र ते ६७० मध्ये एक इतके जास्त होते, कारण तिथे बाळासाठी औषध हात राखून देतात आणि सर्व काही घाईत चालते. रुग्णांना ठरावीक प्रश्न विचारून शोध घेतला की प्रमाण याहून अधिक निघते. प्राध्यापकांनी सांगितलेल्या प्रयोगाचे गांभीर्य येथे कळते: शिथिल केलेला रुग्ण जागा झाला तरी हात हलवून सांगू शकत नाही, म्हणून अशा रुग्णात लहरी पाहण्याचा उपयोग सर्वांत जास्त. वायुरूप औषध वापरताना श्वासातून बाहेर येणाऱ्या औषधाचे प्रमाण मोजत राहणे हाही तितकाच भरवशाचा मार्ग आहे.

मोतीबिंदूसाठी बहुधा डोळ्यात थेंब टाकून किंवा डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात; त्याने मेंदूच्या लहरींना धक्का लागत नाही, त्यामुळे आपण निश्चिंत असावे. फक्त मागच्या वेळी रात्री गोंधळ झाला होता हे डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे मिडाझोलमसारखे शांत करणारे औषध देणे ते शक्यतो टाळतील किंवा अगदी थोडे देतील. डिस्चार्ज कार्डावर भुलीच्या औषधांची नोंद असेल तर ते कार्डही सोबत न्यावे, नसेल तर त्या रुग्णालयातून भुलीच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी.